ओट्यावर येण्याचं कारण

मी गाव सोडलं तेव्हा गंगाखेडच्या स्टेशनावर मला पोचवायला आमची अर्धी गल्ली आली होती. तिथून हैदराबाद, हैदराबादहून विमान, आणि पुढे उत्तरेकडचं एक थंड शहर. तिथल्या विद्यापीठाचे संगणक सांभाळायची नोकरी मला लागली होती. गाडी लेट होती. समोरच्या घरातल्या मथुराकाकू दशम्या आणि कारळाची चटणी घेऊन आल्या होत्या आणि विमानात डबा उघडू नकोस, वास सुटंल, असं सारखं बजावत होत्या. दादा आणि वहिनी बॅगा घट्ट धरून उभे होते, जणू बॅगाच पळून जाणार होत्या. आणि जरा लांब, चहाच्या टपरीपाशी, खालच्या आळीतले नागोराव उभे होते. त्यांचं आणि माझ्या वडिलांचं एका बांधावरून कित्येक वर्षं बोलणं बंद होतं.

मी तेव्हाही तोंडाळ होते. सरळ जाऊन विचारलं, "काका, तुमी कसे काय इथं?" ते गडबडले. म्हणाले, "काई न्हाई, गंगाखेडला आलतो, म्हणलं सहज चक्कर टाकावी." मागून माझ्या वडिलांनी, अप्पांनी, माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. आता ते डोळे पुसतील, जपून राहा म्हणतील, असं मला वाटलं. पण ते चांगलेच रागावले होते. "आलेल्या माणसाला कामून आला म्हणून इचारायचं असतं का? पाणी इचारायचं सोडून!" तेवढ्यात गाडी आली आणि सगळी बॅगांमागे धावली. त्यामुळे गाव सोडताना ऐकलेलं अप्पांचं शेवटचं वाक्य हेच राहिलं.

अप्पांचं किराणा दुकान घराला लागूनच आहे आणि त्याच्यापुढे शहाबादी फरशीचा ओटा. त्या ओट्यावर दिवसभर कोणी ना कोणी बसलेलं असायचं. यायचं, टेकायचं, पाणी प्यायचं, मग चहा. तुरीचं बोलणं व्हायचं, पावसाचं व्हायचं, पूर्णेला कोणाचा पोरगा रेल्वेत लागला त्याचं व्हायचं. माणूस मनात काय घेऊन आला आहे ते कधीच आधी निघायचं नाही. तो उठायचा, पायात चप्पल सरकवायचा, आणि मग मान वळवून म्हणायचा, "अप्पा, एक बोलायचं होतं." मुलीच्या स्थळाचं, भावाभावांच्या वाटणीचं, दवाखान्याचं, जे काही असेल ते त्या चप्पल घालण्यात बाहेर यायचं. अप्पा पुन्हा त्याला बसवायचे. मला लहानपणी या सगळ्याचा फार कंटाळा यायचा. दहा मिनिटांच्या कामाला अख्खी दुपार.

इथे आले आणि माझा जीव भांड्यात पडला. इथे कोणी तुमची दुपार खात नाही. दारातच विचारतात, काय काम आहे. बँकेत, नगरपालिकेत, घरमालकाकडे, दवाखान्यात, सगळीकडे एक चौकोन असतो आणि त्यात कारण लिहायचं असतं. राहण्याचं कारण, येण्याचं कारण, रजेचं कारण. पहिली काही वर्षं तो चौकोन मी शेवटपर्यंत रिकामा ठेवायचे. हळूहळू मी त्यात तरबेज झाले. आता मी इतकं छान कारण लिहिते की इथली माणसंसुद्धा माझ्याकडून लिहून घेतात.

आई गेल्यावर अप्पांना थोडे दिवस इकडे आणावं असं माझ्या मनाने घेतलं. व्हिसाच्या मुलाखतीसाठी दादा त्यांना मुंबईला घेऊन गेला. मी फोनवरून त्यांची तयारी करून घेतली होती. मुलीला भेटायला चाललोय, इतके दिवस राहणार, गावात शेती आहे, दुकान आहे, परत येणार. परीक्षेला बसणाऱ्या पोरासारखं त्यांनी पाठ केलं होतं. आणि खिडकीवर त्यांनी सांगितलं, "काई न्हाई, लेकीकडं सहज." व्हिसा नाकारला. कारण तेवढंच होतं की आणखी काही, ते मला कळलं नाही, पण मी इतकी भडकले की इथल्या मैत्रिणींपुढे त्या खिडकीला, त्या प्रश्नाला आणि असल्या दारांच्या जगाला शिव्या घातल्या. बापाला मुलीकडे यायला कारण लागतं का, असं मी ओरडून म्हणाले होते. अप्पा शांत होते. म्हणाले, "त्यायचं घर हाय, त्यायची मर्जी." आणि मुंबईहून येताना माझ्यासाठी घेतलेली चादर त्यांनी वहिनीला देऊन टाकली.

आता फोनमधल्या ओट्याबद्दल, ज्यावर मी हे लिहितेय. आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, पण नव्याने आलेल्यांसाठी सांगते.

गावाचा फोनवर एक ग्रुप होता. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्याचे दोन झाले, मग चार झाले, आणि उरलेल्यांत कर्जाच्या जाहिराती आणि गुलाबाची फुलं येऊ लागली. गावातल्यांना त्याचं काही वाटलं नाही, त्यांना ओटे होतेच. तडफड झाली ती आमच्यासारख्यांची, पुणे, हैदराबाद, दुबईला गेलेल्यांची. तेव्हा मी म्हटलं, थांबा, मी करते. मोठ्या कंपनीच्या जागेत गप्पा मारण्याऐवजी आपलं स्वतःचं यंत्र ठेवायचं आणि त्यावर आपलं सोशल नेटवर्क चालवायचं. नियम आपले, राखण आपली, जाहिरात नाही. जगात अशी कितीतरी लहान ठिकाणं आहेत, प्रत्येकाचा मालक वेगळा, तरी इथला माणूस तिथल्याशी बोलू शकतो. आपल्या ओट्यावर बसून समोरच्या ओट्यावरच्या मथुराकाकूंशी भांडता येतं, तसंच.

ऑफिसने मोडीत काढलेला एक संगणक मी घरी आणला. इंटरनेटची तार नेमकी चपलांच्या कपाटापाशी येते, म्हणून तो तिथेच, बुटांच्या वरच्या फळीवर ठेवला. इंटरनेटवरच्या पत्त्यासाठी एक नाव विकत घेतलं. दोन रविवार त्या यंत्रातून ईमेलची पत्रं जाईनात, मग जाऊ लागली. मराठी अक्षरं आली. आणि एका संध्याकाळी पडद्यावर मोठ्या अक्षरात "ओटा" उमटलं तेव्हा मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर हे पहिलं काहीतरी पूर्णपणे माझं होतं.

दार उघडं ठेवलं तर पहिल्याच आठवड्यात घड्याळं विकणारे आणि खोटे डॉक्टर ओट्यावर येऊन बसले. अशी यंत्रं, म्हणजे सर्व्हर, चालवणाऱ्या अनुभवी लोकांनी मला सांगितलं, दारात प्रश्न ठेव, खरा माणूस उत्तर देतो. मी ठेवला. "तुम्हाला इथे का यायचं आहे?" गाव उठतं तेव्हा मी झोपेत असते, म्हणून उत्तरं तपासायला एक छोटा प्रोग्राम लिहिला. चौकोन रिकामा असेल किंवा त्यात एखादाच शब्द असेल, तर विनंती आपोआप नामंजूर. लगेच पत्र जाणार, "आपली विनंती नाकारण्यात आली आहे." भाषा जरा सरकारी वाटावी म्हणून मीच ती तशी घडवली होती. नाकारलेल्याचं नावसुद्धा मशीन मागे ठेवत नाही, सगळं पुसून टाकतं. मला ते फार स्वच्छ वाटलं.

पुण्या-हैदराबादच्यांनी त्या चौकोनात निबंध लिहिले. गावाशी नाळ टिकावी म्हणून, मातीची ओढ आहे म्हणून. सगळे आत आले. गावातून मात्र एकही माणूस आला नाही.

मी दर रविवारी अप्पांच्या मागे लागायचे. "अप्पा, तुम्ही या, म्हणजे बाकीचे येतील." ते म्हणायचे, "बघू." काही आठवड्यांनी म्हणाले, "आमचं काय काम तिथं?" मी तडकले. म्हणाले, "लोकांचे फुकटचे फॉरवर्ड वाचायला वेळ असतो तुम्हाला, लेकीनं केलेलं बघायला नसतो." ते थंडी किती पडली ते विचारू लागले. त्याच रागात मी ओट्यावर लिहिलं, की आमच्या गावाला बोलावून बोलावून माझा घसा सुकला, आमच्या लोकांना आयतं हवं असतं, स्वतःचं काही नको असतं. दुबईच्या मित्रांनी हसून हसून दाद दिली. मला बरं वाटलं. ओट्यावर लिहिलेलं सगळं, नाव न नोंदवताही, कोणालाही वाचता येतं, हे मीच तसं ठेवलं होतं आणि मीच विसरले होते.

यंदा तूर शेंगेत असताना मी गावी गेले. दुसऱ्या दिवशी मथुराकाकूंकडे. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला, चहा टाकला. चहा अर्धा झाला आणि मला राहवेना.

"काकू, तुमी ओट्यावर कामून आला न्हाईत?"

"रोज तं बसते बाई. दिसत न्हाई का?"

"तो न्हाई. मी केलाय तो. फोनमधला."

त्यांनी कप खाली ठेवला. "आलते की गं, रेणू. सुनेनं फोन धरला, मी सांगत गेले. नाव इचारलं, गाव इचारलं. मंग तू इचारलंस, कामून आलाव म्हणून."

"मी न्हाई काकू, ते मशीन..."

"तुजंच घर न्हाई का ते? मी म्हणलं, काई न्हाई, सहज. सुनेनं तेवढंच लिहिलं, सहज. तू म्हणलीस, जा." हे त्या रागाने बोलत नव्हत्या. दूध नासलं हे जसं सांगावं तसं सांगत होत्या. "म्हणलं, कामात असंल पोरगी. पुन्ना काय येते व्हय मी?"

माझे कान तापले. कोणाच्या घरात बसून इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी काहीतरी पुटपुटले, त्यांनी माझ्या बशीत आणखी चहा ओतला आणि सुनेच्या माहेरचं सांगू लागल्या.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. काहीच सापडणार नव्हतं, ते मलाच ठाऊक होतं. किती जण येऊन गेले, कोण कोण येऊन गेले, मशीनने सगळं पुसलेलं होतं. म्हणजे आता घरोघर जाऊन विचारण्याशिवाय मार्ग नव्हता. मी गेले. कोणी म्हणालं, आलतो, असंच. कोणी म्हणालं, येऊ की सवडीनं, आणि नजर चुकवली. एका घरी मला ओळखत नसलेल्या नव्या सुनेने सांगितलं की सासऱ्यांनी चौकोनात "बसायला" असं लिहिलं होतं. ओट्यावर माणूस आणखी कशाला येतो?

शेवटी नागोरावांकडे गेले. त्यांनी बाज टाकली, पाणी मागवलं. मी का आले ते त्यांनी विचारलं नाही, आणि माझ्या तोंडून ते निघेना. तुरीवरच्या अळीचं झालं, नव्या रस्त्याचं झालं, चहा झाला. मी उठले, चपला घातल्या, आणि तेव्हा कुठे मला बोलता आलं. "काका, तुमी आलतात का माझ्या ओट्यावर? माजं चुकलं."

"बरं बरं," ते म्हणाले. "सांभाळून जा. पुढं गटार उघडी हाय."

अप्पांचं मला वहिनीने सांगितलं. खरं तर ती सांगणार नव्हती, अप्पांनी तिला बजावलं होतं. पण मी गावभर माफी मागत फिरतेय आणि घरातच काही विचारत नाही, हे तिला बघवेना. भाजी निवडता निवडता म्हणाली, "अप्पा सगळ्यात आधी आलते. तुमी सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिशी."

मी हातातली भाजी खाली ठेवली.

"सकाळी म्हणले, सूनबाई, फोन आण. रेणूकडं जायचंय. आंघोळ केली, विभूती लावली, धुतलेला सदरा काढला, टोपी घातली. मी म्हणलं, अप्पा, त्याच्यात फोटो दिसत न्हाई. म्हणले, असू दे. लेकीच्या घरी जायलोय." वहिनी हसायला गेली आणि तिला हसू आलं नाही. "नाव-गिव झालं. मंग मी म्हणलं, अप्पा, कामून यायचंय म्हणून इचारायलंय. लय येळ बसले तसंच. मला म्हणले, रेणूनं इचारलंय का हे? मी म्हणलं, समद्यायलाच इचारत असतील. मंग म्हणले, लिही, सहज. लगेच आलं ते पत्र. मी वाचून दाखवलं."

"मग?"

"मंग काई न्हाई. टोपी काढून खुंटीला लावली. म्हणले, रेणूला सांगू नको, तिला वाईट वाटंल. गल्लीतलं कोणी दुकानात येऊन म्हणलं की आमाला बी परत पाठवलं, तं त्यायला सांगायचे, नवं घर हाय, दार अजून बसवायलेत. आन् तुमी ते लिहिलं ना, गावाला आयतं पाहिजे म्हणून? ते बी वाचलं त्यांनी. दोनदा वाचायला लावलं मला."

आणि त्यानंतरच्या कितीतरी रविवारी मी त्यांना फोनवर झापत होते. तुम्ही साधं नाव नोंदवत नाही. ते ऐकून घेत होते आणि इथल्या थंडीची चौकशी करत होते.

संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अप्पा ओट्यावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. काय बोलायचं ते मी घरात तीनतीनदा जुळवलं होतं, तिकडे कारणं जुळवते तसं. स्पॅम म्हणजे काय, घड्याळं विकणारे कसे येतात, प्रोग्राम कसा माणूस बघत नाही. त्यातलं एकही वाक्य त्या फरशीवर बसून बोलण्यासारखं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "अप्पा, मला वहिनीनं सांगितलं."

ते रस्त्याकडे बघत राहिले. "तिला सांगू नको म्हणलं होतं."

"मी व्हिसावाल्यांना किती शिव्या दिल्या होत्या. आणि मीच..."

"व्हिसावाल्यानं इचारलं तवा मला काईच वाटलं न्हाई," अप्पा म्हणाले. "ते परकं होतं."

एवढंच. समोरून शेळ्या गेल्या. एक बाई आली, तिला साखर आणि उदबत्तीचा पुडा हवा होता, अप्पा उठून आत गेले. मी तिथेच बसून रडले. बाईने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

परत येण्याआधी मी दारातला तो प्रश्न काढून टाकला. प्रोग्रामही पुसला. बोलावणं करायची सोय त्या यंत्रात पहिल्या दिवसापासून होती. ज्याला बोलवायचं त्याला एक दुवा, म्हणजे लिंक, द्यायचा, तो थेट आत येतो, त्याला कोणी काही विचारत नाही. मी ती कधी वापरली नव्हती, कारण त्यासाठी एकेकाची आठवण काढावी लागते. या वेळी हळदीकुंकवाचं बोलावणं करतात तशी मी दुपारभर घरोघर फिरले, प्रत्येकाला तोंडाने या म्हटलं आणि मग फोनवर दुवा दिला. नागोराव आले. नव्या सुनेचे सासरे आले, बसायला. पुन्हा येणार नाही म्हणणाऱ्या मथुराकाकू पहिल्याच दिवशी आल्या आणि माझं गावाबद्दलचं ते लिखाण शोधून त्याच्याखाली त्यांनी असं काही लिहिलं की दुबईवाले अजून गप्प आहेत. मी ते माझं लिखाण काढून टाकणार होते, पण ठेवलंय. ज्यांनी वाचलं त्यांना मी लिहिलेलं दिसत राहू दे.

अप्पांनाही मी बोलावणं केलं, समोर बसून, नीट. ते म्हणाले, "येईन की. घाई काय."

ते अजून आलेले नाहीत. त्यांचं नाव मी इथून स्वतः घालू शकते, वहिनीला सांगून घालून घेऊ शकते. पण मग ते आले असं होणार नाही. रविवारी आम्ही बोलतो, मी विषय काढत नाही. आपल्यापैकी जे गेले आहेत त्यांना सांगते, इतकी वर्षं मी समजत होते की घर मागे राहिलं आणि मी त्याच्यापासून लांब आले. आता चपलांच्या कपाटात माझं एक घर आहे, आणि त्यात मी केलेलं पहिलं मोठं काम म्हणजे धुतलेला सदरा घालून आलेल्या माझ्या बापाला दारातून परत पाठवलं. आणि जे गावात राहिलात त्यांना विनंती, हे अप्पांना वाचून दाखवू नका. त्यांना यावंसं वाटलं तर ते येतील. गाडी गेल्यापासून आजवर वाट बघायचं काम त्यांच्याकडे होतं. आता ते माझ्याकडे आहे.